सात दिवसांच्या आत लिहा
टीव्हीवर बातम्या पाहणाऱ्या प्रत्येक घराला आवाहन

८ मे २०२५ च्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत टीव्ही बंद झालाच नाही. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता आणि जो तो पडद्याखालच्या पट्टीवर डोळे लावून बसला होता. त्या रात्री देशातल्या नावाजलेल्या वाहिन्यांवरून सांगितलं गेलं, की भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केलं. कुणी म्हणालं, इस्लामाबाद पडलं. कुणी पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटकही करून टाकली. उजाडलं तेव्हा कराची बंदर जागेवर होतं, इस्लामाबादेत त्यांचंच सरकार होतं आणि लष्करप्रमुख आपल्या पदावर होते.

आदल्याच दिवशी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी एका स्थानिक शिक्षकाचा जीव गेला होता. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना चक्क दहशतवादी ठरवलं. शत्रूच्या गोळ्याने मेलेल्या माणसाच्या घरच्यांना, तो दहशतवादी नव्हता, हे आपल्याच देशाला पटवून देण्याची वेळ आली. पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला, प्रकरण न्यायालयात गेलं. स्टुडिओतून हवाई हल्ल्याचे भोंगे तर इतके वाजवले जात होते, की ते बंद करा, असं नागरी संरक्षण खात्याला १० मे रोजी माध्यमांना लेखी कळवावं लागलं. रोज खोटा भोंगा ऐकणारा माणूस खरा भोंगा वाजल्यावर जागचा हलणार नाही, ही भीती त्यामागे होती.

अशा वेळी आपण काय करतो? चडफडतो, वाहिनी बदलतो, कट्ट्यावर दोन शिव्या हासडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाहिनी लावतो. हे पत्र ही सवय मोडण्यासाठी आहे. खोटी किंवा एकांगी बातमी दिसली की सात दिवसांच्या आत त्या वाहिनीकडे लेखी तक्रार करा. घरातल्या एकाने तरी करा. सात दिवसच का आणि तक्रारच का, ते पुढे सांगतो.

तुमचा रिमोट कुणी मोजत नाही

‘नाही आवडत तर पाहू नका’ हा सल्ला आपल्याला नेहमी मिळतो. ऐकायला तो रास्त वाटतो, पण त्यात एक मेख आहे. देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी. कोणती वाहिनी किती पाहिली जाते हे मोजणारं यंत्र बसवलेली घरं पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक. बार्क नावाची संस्था या घरांवरून दर आठवड्याचे आकडे काढते आणि त्या आकड्यांवर जाहिरातीचे दर ठरतात. तुमच्या घरी ते यंत्र नसेल, तर तुम्ही रागाने टीव्ही बंद केला काय किंवा रात्रभर चालू ठेवला काय, त्या आकड्यात तसूभरही फरक पडत नाही.

आकडे फुगवण्याच्या वाटा वेगळ्याच. सेट टॉप बॉक्स सुरू केला की आपण न मागता एखादी वाहिनी समोर येते. ती जागा वाहिन्या पैसे मोजून घेतात. आकड्यांत फेरफार झाल्याचे आरोप २०२० मध्ये मुंबईत झाले, तेव्हा बार्कने ऑक्टोबर २०२० पासून बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे देणंच थांबवलं. ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये.

तक्रारीचं गणित निराळं आहे. तिला नोंद असते, तारीख असते आणि तिला उत्तर देणं वाहिनीला बंधनकारक असतं. चार हजार घरांत एक यंत्र असेल, पण तक्रारीचा अधिकार चारही हजार घरांना आहे.

खोटं बोलावंच लागतं असं नाही

साफ खोटी बातमी सहज पकडता येते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाला माग देणारी चिप आहे, असं वाहिन्यांनी ग्राफिक्ससह समजावून सांगितलं होतं. रिझर्व्ह बँकेने इन्कार केला आणि देशाने हसून सोडून दिलं. जास्त नुकसान करते ती बातमी, जिच्यातलं एकही वाक्य कोर्टात खोटं ठरणार नाही.

ती कशी तयार होते ते पाहा. मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं की आरोप करूनही हात वर करता येतात. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ म्हटलं की पुरावा द्यावा लागत नाही. चर्चेला आठ माणसं बोलवायची, त्यांतल्या एकाला एकटं पाडायचं, तो बोलू लागला की त्याचा आवाज बारीक करायचा. निवेदकाने स्वतः काही म्हणायचं नाही, पण मागच्या पडद्यावर निकाल आधीच लिहून ठेवायचा. आणि सर्वांत सोपं म्हणजे एखादी बातमी दाखवायचीच नाही.

मराठी वाहिन्यांचा दिवस आठवून पाहा. सकाळी एका पक्षाच्या प्रवक्त्याची पत्रकार परिषद थेट. दुपारी दुसऱ्याचं प्रत्युत्तर. संध्याकाळी ‘कोण कुणाला काय म्हणालं’ आणि रात्री त्यावर चर्चा. या चक्रात कांद्याचा भाव, जिल्हा रुग्णालयातल्या रिकाम्या जागा, बंद पडत चाललेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कुठे बसणार? बातमीदाराला कॅमेरामनसह मेळघाटात पाठवायचं तर गाडी, मुक्काम आणि दोन-तीन दिवस लागतात. स्टुडिओत पाहुणे बसवायला चहाचा खर्च पुरतो. तालुक्यातले बातमीदार तर बहुतेक ठिकाणी पगारावर नसतात, बातमीमागे मिळेल त्यावर राबतात. जाहिराती देणाऱ्यांत उद्योग असतात तशी सरकारंही असतात, केंद्रातली आणि राज्यांतलीही. जो जाहिरात देतो त्याच्यावर प्रश्न रोखायला मालक कचरतो. पक्षपाताची मुळं अशी हिशेबाच्या वहीत असतात. पडद्यावर ओरडणारा चेहरा हा त्या वहीचा शेवटचा आकडा आहे.

म्हणून राग निवेदकावर काढू नका. त्याला शिवीगाळ करणारे मेसेज पाठवू नका, महिला निवेदकांबद्दल घाणेरडं लिहू नका. त्याने एकही बातमी सुधारत नाही, उलट वाहिनीला अंगावर मिरवायला जखम मिळते.

किंमत आपण मोजली आहे

हा दिल्लीतला तमाशा आहे, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर महाराष्ट्राची तीन प्रकरणं आठवा.

पहिलं, २६ नोव्हेंबर २००८चा मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसभोवतीच्या जवानांच्या हालचाली वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडे बसून त्या पाहत होते, फोनवरून सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी पकडला गेलेला हल्लेखोर कसाब याच्या अपिलावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. त्याने जवानांचं काम अधिक धोक्याचं झालं आणि यात देशहित नव्हतं, धंद्याचं हित होतं, असा त्यांचा आशय होता. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, हा नियम मात्र २०१५ मध्ये आला. हल्ल्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ गेला.

दुसरं, एप्रिल २०२०. दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मेळाव्यावरून वाहिन्यांनी असं चित्र उभं केलं, की करोना एका धर्माच्या लोकांनी मुद्दाम पसरवला. देशात ठिकठिकाणी भाजी-फळं विकणाऱ्यांना नाव विचारून वस्तीतून हाकललं गेलं. अहमदनगर जिल्ह्यात या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं न्यायालयाने नोंदवलं. अपप्रचार रात्रंदिवस चालला होता. निकालाची बातमी किती वाहिन्यांवर, किती मिनिटं चालली, आठवतं का?

तिसरं, अभिनेता सुशांतसिंह राजपूत. १४ जून २०२० रोजी वांद्र्यात त्याचा मृत्यू झाला आणि त्यानंतर काही महिने संध्याकाळच्या बातम्यांत दुसरा देश उरला नाही. करोनाने माणसं मरत होती, कामं गेली होती, आणि वाहिन्या या प्रकरणात आरोप झालेल्या एका तरुणीच्या गाडीचा पाठलाग करत होत्या. खून झाल्याचा निकाल स्टुडिओत लागला होता. एम्सच्या वैद्यकीय मंडळाने ऑक्टोबरमध्ये खुनाची शक्यता नाकारली. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचे अहवाल न्यायालयात दिले. मधल्या काळात, १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की तपास चालू असताना असा समांतर खटला चालवणं न्यायाच्या कामात ढवळाढवळ आहे. ही याचिका करणाऱ्यांत महाराष्ट्र पोलिसांतले निवृत्त वरिष्ठ अधिकारीही होते.

तिन्ही प्रकरणांत न्यायालय बोललं, पण नुकसान झाल्यानंतर. न्यायालय पोचेपर्यंत मधला जो काळ जातो, त्या काळात आवाज उठवू शकतो तो फक्त प्रेक्षक.

सरकारने बंदी घालावी असं मागू नका

‘अशा वाहिन्या बंदच करा’ असं अनेकांच्या तोंडी येतं. सावध राहा. बंदीचा अधिकार ज्याच्या हाती द्याल, तो आधी त्याला न आवडणारी वाहिनी बंद करील. ‘मीडियावन’ या मल्याळम वाहिनीचा परवाना केंद्र सरकारने सुरक्षेचं कारण देऊन अडवला होता. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सरकारवर टीका करणं म्हणजे देशाविरुद्ध जाणं नव्हे, हे ठणकावून सांगितलं. ज्यांना ‘पूर्वीचं दूरदर्शन किती सभ्य होतं’ असं वाटतं, त्यांनी आणीबाणीतल्या बातम्याही आठवाव्यात. आवाज सौम्य होता, उच्चार शुद्ध होते आणि तुरुंगात टाकलेल्या हजारो माणसांबद्दल अवाक्षर नव्हतं.

आपल्याला तोंड बंद करायचं नाही, चूक सुधारून घ्यायची आहे. याला आधार आहे. प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. वाहिनी ती मालमत्ता वापरते, मालक आपण आहोत.

तक्रार कशी करायची

यासाठी वकील लागत नाही. पुढच्या मजकुराचं कात्रण करून टीव्हीजवळ ठेवा.

१. वाहिनीचं नाव, कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा. खटकलेलं वाक्य किंवा पट्टी जशीच्या तशी उतरवा. जमल्यास फोनवर चित्रीकरण करा किंवा वाहिनीने स्वतः टाकलेल्या व्हिडिओचा दुवा जपून ठेवा. प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस जपणं वाहिन्यांना बंधनकारक आहे. त्यामुळे नंतर ‘असं काही दाखवलंच नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही, पण तुम्ही तीन महिने झोपून राहिलात तर ती नोंदही हातची जाईल.

२. वाहिनीच्या संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो. तिथे ईमेल करा किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा. जून २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायला हवा.

३. समाधान झालं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करा. तिने ६० दिवसांत निकाली काढायचं असतं. त्याच्याही वर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची यंत्रणा आहे.

४. अनेक मोठ्या वाहिन्या एनबीडीएसए या स्वनियमन मंडळाच्या कक्षेत येतात. निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. त्या वाटेने जायचं तर प्रक्षेपणापासून सात दिवसांत वाहिनीला तक्रार गेलेली असली पाहिजे. शीर्षकात सात दिवस लिहिले आहेत ते यासाठी. ही मुदत पाळली की सगळ्याच वाटा खुल्या राहतात.

पत्र चार ओळींचं पुरे. नमुना देतो:

‘आपल्या वाहिनीवर अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक कार्यक्रमात असं सांगण्यात आलं: (वाक्य). ही माहिती चुकीची आहे, कारण: (पुरावा). किंवा: या बातमीत आरोप झालेल्या व्यक्तीची बाजू मांडलेली नाही. माझी मागणी: त्याच वेळी, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती दाखवावी आणि हा व्हिडिओ काढून टाकावा. नाव, पत्ता, सही.’

मराठी वाहिनीला मराठीतच लिहा. विशेषणं गाळा. ‘विकाऊ’, ‘दलाल’ असे शब्द आले की तक्रार कचऱ्यात टाकायला कारण मिळतं. एका पत्रात एकच मुद्दा ठेवा.

‘काय होणार आहे?’

हा प्रश्न येणारच. अशा तक्रारींवर होणाऱ्या दंडाची रक्कम मोठ्या वाहिनीच्या खिजगणतीत नाही, हे खरं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं होतं, की एक लाखाच्या दंडाला कोण भीक घालतं. पण तक्रारींनी काहीच होत नाही, हे खरं नाही. सुशांतसिंहच्या नावावर खोटे ट्वीट दाखवल्याबद्दल ऑक्टोबर २०२० मध्ये ‘आज तक’ला एक लाखाचा दंड झाला आणि माफी दाखवण्याचा आदेश मिळाला. इतरही काही वाहिन्यांना त्याच प्रकरणी माफी मागायला सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये धर्माच्या नावावर द्वेष पसरवणाऱ्या कार्यक्रमांबद्दल ‘टाइम्स नाऊ नवभारत’ला एक लाख आणि ‘न्यूज१८ इंडिया’ला पन्नास हजारांचा दंड झाला, ‘आज तक’ला ताकीद मिळाली, आणि ते व्हिडिओ काढायला लावले. त्यामागे कुठला पक्ष नव्हता की मोठी संस्था नव्हती. चिकाटीने तक्रारी लिहिणारा एक नागरिक होता.

वर्षानुवर्षं राहणारा व्हिडिओ हटतो, हे दंडापेक्षा मोठं आहे. शिवाय प्रत्येक आदेश हा लेखी पुरावा असतो. उद्या कुणी न्यायालयात गेलं तर तो कामी येतो.

दुसरं दार जाहिरातदारांचं. ऑक्टोबर २०२० मध्ये राजीव बजाज यांनी जाहीर केलं, की पुण्याच्या बजाज ऑटोने विखार पसरवणाऱ्या तीन वाहिन्यांना जाहिराती देणं बंद केलं आहे. मुंबईच्या पार्ले प्रॉडक्ट्सनेही तशीच भूमिका घेतली. या कंपन्यांचा माल आपण विकत घेतो. कार्यक्रमाच्या मध्ये ज्यांच्या जाहिराती दिसतात त्यांना दोन ओळी लिहिल्या, तर त्या वाचल्या जातात. तिसरं म्हणजे तुमचं केबलचं पॅकेज. फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला हव्या त्याच वाहिन्या निवडण्याचा हक्क आहे. नको ती पैशाची वाहिनी काढायला सांगा, केबलवाला कुरकुरला तरी.

कोणी काय करावं

गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ याला द्यावी. एकाच दिवसाच्या एकाच घटनेची बातमी तीन वाहिन्यांवर कशी आली, हे एकत्र पाहावं आणि तिथेच पत्र लिहावं. शिक्षकांनी नववी-दहावीच्या मुलांकडून हा अभ्यास करून घ्यावा, मुलं आपल्यापेक्षा लवकर पकडतात. गृहनिर्माण संस्थांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांनी वाहिन्यांच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवर बंधन घालावं: कार्यक्रमाचं नाव आणि तारीख असल्याशिवाय तुकडा पुढे जाणार नाही. पुण्यातून न्यू जर्सीला आणि तिथून परत साताऱ्याला येणारा तुकडा कुठल्या वर्षीचा आहे, हे बहुतेकदा कुणालाच ठाऊक नसतं.

चांगलं काम दिसलं तर तेही लिहा. पावसात, पुरात, पाण्याच्या टँकरमागे उभा राहून खरी बातमी देणारे वार्ताहर आजही आहेत. स्टुडिओतल्या आरड्याओरड्यात त्यांची दोन मिनिटं कापली जातात. त्यांच्या बाजूने आलेलं एक पत्र संपादकाच्या टेबलावर त्यांना उपयोगी पडतं.

शेवटची विनंती सर्वांत अवघड आहे. आपल्याला न पटणाऱ्या वाहिनीचं खोटं आपल्याला लगेच दिसतं. आपल्या पक्षाला, आपल्या जातीला, आपल्या धर्माला सुखावणारं खोटं मात्र खरंच वाटतं, किंवा ‘थोडं इकडेतिकडे चालायचंच’ असं आपण म्हणतो. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ऐकून आपल्यातल्या अनेकांना बरंच वाटलं होतं. वाहिन्यांना हे नेमकं ठाऊक असतं, त्यांचा धंदाच त्यावर उभा आहे. फक्त विरोधी बाजूच्या वाहिनीवर तक्रारी होत राहिल्या, तर त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या समजून बाजूला टाकल्या जातील. स्वतःचाच नेहमीचा प्रेक्षक लिहितो तेव्हा वाहिनीला ती तक्रार तशी झटकता येत नाही.

म्हणून पहिली तक्रार आपल्या आवडत्या वाहिनीविरुद्ध करा. आज रात्रीच्या बातम्या पाहताना हाताशी कागद ठेवा, वेळ टिपून घ्या आणि या आठवड्यातच ती पाठवा.

आपला,
तुमच्यासारखाच एक प्रेक्षक